टॅमरिंड रेडिओ गप्प झाला तेव्हा

रविवार, १४ जुलै १९८५

ऑब्रीचं फर्मान आहे की आजपासून मी लिहायचं. सरकार म्हणे आमच्यासारख्या छोट्या स्टेशनांना परवाने देणार आहे, आणि परवाना मागायला जायचं तर स्टेशनचा इतिहास हवा. "तू बसच्या वायरी जोडतोस ना, तसंच लिही. नीटनेटकं," असं म्हणून त्याने ही वही माझ्या हातात कोंबली. ऑब्रीला बोलायला सांगा, संध्याकाळपर्यंत थांबणार नाही. लिहायला सांगितलं की त्याची पाठ दुखते.

तर इतिहास. टॅमरिंड रेडिओ ऑब्री पिनॉकने काढला. आम्ही आलो त्या बेटावर त्याच्या आजीच्या अंगणात चिंचेचं झाड होतं, म्हणून हे नाव. लंडनची परवानावाली स्टेशनं सोल संगीत, म्हणजे आम्हा काळ्या लोकांची गाणी, वाजवतात ते उपकार केल्यासारखं, तेही लोक झोपल्यावर. ऑब्रीकडे रेकॉर्डींनी भरलेली खोली होती आणि माझ्याकडे वायरींना डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री. मी बस गॅरेजात इलेक्ट्रिशियन आहे. पेटी मी बनवली. पेटी म्हणजे ट्रान्समीटर. तो शब्द आम्ही उच्चारत नाही, कुणाचे कान कुठे असतील सांगता येत नाही.

शनिवारी आमच्या मागच्या खोलीत सगळे कार्यक्रम कॅसेटवर भरायचे आणि रविवारी मिस एर्मिनच्या घरातून वाजवायचे. मिस एर्मिन टॉवरच्या शेवटच्या मजल्यावर राहतात. पूर्वी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होत्या, आता गुडघे गेलेत. लिफ्ट बंद असते म्हणून त्या खाली उतरत नाहीत, आणि लिफ्ट बंद असते म्हणूनच पेटी शोधायला येणारे साहेबलोक वर पोचेपर्यंत धापा टाकत असतात. मिस एर्मिनची अट एकच होती, पहिलं गाणं देवाचं लागलं पाहिजे.

हे सगळं कायद्याविरुद्ध आहे, मला माहीत आहे. पण मी दुसरा कुठलाही कायदा मोडत नाही. गॅरेजात नोकरीला असूनही मी बसमध्ये तिकीट मागून घेतो.

रविवार, २१ जुलै

इतिहासात सगळ्यांची नोंद हवी, म्हणून इनेजची करतो. इनेज माझी बायको. दुपारी जेवणाच्या वेळी तिचा कार्यक्रम असतो. घराघरांत राजमा आणि नारळाच्या दुधाचा भात शिजत असतो, कोंबडी भट्टीत असते, आणि इनेज हळू, दुखरी गाणी लावते. मधूनमधून नावं घेते. "लांब कामाला गेलेल्या विन्स्टनला त्याच्या मुलींकडून. लांब कामाला गेलेल्या रॉयला त्याच्या बायकोकडून, तिने पडदे बदललेत." लांब कामाला गेलेले म्हणजे टेकडीवरच्या तुरुंगातले. ऐकणाऱ्यांना कळतं, साहेबलोकांना कळत नाही. बायका आठवडाभर इनेजला चर्चमध्ये, बाजारात गाठून निरोप देतात. आत ज्याचं नाव आलं तो खिडकीच्या गजांतून पांढरा टॉवेल बाहेर सोडतो. रस्त्यापलीकडच्या बस स्टॉपवर बायका ट्रान्झिस्टर घेऊन उभ्या असतात, बस येतात आणि जातात, त्या चढत नाहीत. टॉवेल दिसला की ऐकू आलं, एवढंच समजायचं.

इनेजही तिथेच असते. स्वतःचा कालचा आवाज ऐकत.

शेवटचं नाव लेनॉक्सचं असतं. लेनॉक्स आमचा मुलगा. त्याच्याबद्दल या इतिहासात लिहिण्यासारखं काही नाही. दुकान फोडणारे दुसरे होते, पण गाडी तो चालवत होता. मी कोर्टात गेलो नाही. तो आईच्या पत्रांना उत्तर देत नाही, भेटीचा कागद आतल्यानेच नाव टाकून पाठवायचा असतो, तोही पाठवत नाही, पण टॉवेल सोडतो. इनेज घरी आली की मी विचारत नाही आणि ती सांगत नाही. तिच्या जेवण्यावरून कळतं.

मी कधी बस स्टॉपवर गेलेलो नाही. पेटीजवळ कुणीतरी लागतं.

रविवार, १८ ऑगस्ट

साहेबलोक गुरुवारी पेटी घेऊन गेले. मिस एर्मिननी त्यांना दारात पाणी विचारलं म्हणे. "किती दमलात रे बाळांनो," म्हणाल्या, आणि मग, "ती पेटी माझी नाही, कुणीतरी ठेवून गेलंय." मी तीन संध्याकाळी बसून नवी बनवली. आज दुपारपर्यंत पुन्हा हवेत होतो.

ऑब्री गच्चीवर आला आणि एरियलकडे बघत राहिला. "गड्या, हे तोंड कुठे करून ठेवलंयस? नाचणारी पोरं सगळी नदीच्या बाजूला. तू जोर लावतोयस टेकडीकडे. तिकडे आहे काय? बागा आणि तुरुंग."

मी त्याला सांगितलं की त्या बाजूला उंच इमारती नाहीत, लहर अडत नाही, वाऱ्याचाही प्रश्न आहे. तांत्रिक बाब आहे. तो हसला आणि म्हणाला, "बरं, तांत्रिक तर तांत्रिक." लोकांना तंत्रातलं काही समजत नाही आणि मत मात्र द्यायचं असतं.

सोमवार, ३० सप्टेंबर

शनिवारी आमच्या शेजारचं ब्रिक्स्टन पेटलं. पोलिसांची गोळी एका आईला तिच्याच घरात लागली, मग रस्त्यावर काय व्हायचं ते झालं. अजून जळक्या रबराचा वास येतोय. गॅरेजात गोरे सहकारी माझ्याशी हवामानाबद्दल बोलले, जास्तच बोलले.

काल आमच्या स्वयंपाकघरात सगळ्या कार्यक्रमवाल्यांची बैठक झाली. ऑब्रीने कोट घातला होता. म्हणाला, "वरून कळलंय. जी स्टेशनं स्वतःहून बंद होतील, त्यांचाच अर्ज आधी बघणार. आत्ता, या आगीच्या दिवसांत, आपण गप्प बसलो तर कोण शहाणं ते त्यांना दिसेल. सहा-सात महिने. मग आयुष्यभर लपायचं नाही. खरा स्टुडिओ, खिडकीवाला."

"आणि तोपर्यंत?" इनेज म्हणाली.

"तोपर्यंत आराम कर ना बाई. रविवारी घरी बस, नवऱ्याच्या डोक्यावर बस."

कुणी हसलं नाही. हात वर करायचं ठरलं. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. इनेजचा हात बंद करण्याच्या विरोधात होता. माझा राहिला होता. मी बंदच्या बाजूने वर केला.

कारण लिहून ठेवतो. परवाना म्हणजे चौकटीत घालून भिंतीवर लावता येईल असा कागद. गेल्या दोन वर्षांत आमच्या दारात सरकारी शिक्क्याचे जेवढे कागद आले, सगळे कोर्टाचे होते. मला एकदा वेगळा कागद बघायचा आहे. हा हट्ट असेल तर हट्ट. इनेजने भांडी विसळायला घेतली आणि बैठक संपेपर्यंत ती विसळतच होती.

शनिवार, १२ ऑक्टोबर

उद्या शेवटचं प्रसारण. आज कॅसेटा भरल्या. इनेजने तिची दार लावून एकटीने भरली, म्हणून मी संध्याकाळी ती ऐकून बघितली. आवाजाची पातळी तपासणं माझं कामच आहे.

शेवटी तिने गाणं मध्येच थांबवून असं म्हटलं होतं: "लांब कामाला गेलेल्या सगळ्यांनो, आता बरेच रविवार मी तुमची नावं घेणार नाही. विसरले म्हणून नाही. परवानगी मागायला चाललोय, ती मिळाली की परत येऊ. लेनॉक्स, बाळा, ही पेटी तुझ्या बापाने बनवलीय आणि एरियल तुझ्याकडे तोंड करून त्यानेच लावलंय. बंद झालं तर रागाने झालं असं समजू नकोस."

मी दोनदा ऐकलं. उद्या शेवटचं प्रसारण म्हणून साहेबलोक नक्की ऐकत बसणार. त्यांनी हे ऐकलं तर टॅमरिंड म्हणजे कैद्यांचं स्टेशन असा शिक्का बसेल, आणि मग कसला परवाना? शिवाय पेटी कोणी बनवली ते बोलायची काय गरज होती? एरियलचं तर साफ चूक आहे. मी तेवढ्या भागावर एक गाणं भरलं. बाईचं गाणं आहे, चर्चमध्ये वाढलेला गळा, इनेजच्या आवडीचं. जोड कळतसुद्धा नाही.

इनेजला सांगायचं राहून गेलं. ती उद्याचा राजमा भिजत घालत होती.

रविवार, १३ ऑक्टोबर

मी मिस एर्मिनकडे बसलो होतो. इनेजच्या कार्यक्रमाच्या शेवटी गाणं लागलं आणि संपलं, मग खरखर. मिस एर्मिननी माझ्याकडे बघितलं. "लेनॉक्सचं नाव नाही घेतलं आज तिने?"

"गाणं चांगलं आहे, मिस एर्मिन."

"गाणं चांगलंच आहे. मी नावाचं विचारतेय."

मी पेटी सोडवली, एरियल उतरवलं, वायर गुंडाळली. त्यांना गच्चीच्या दाराची किल्ली परत देऊ लागलो तर म्हणाल्या, राहू दे तुझ्याकडेच, मला काय करायचीय.

इनेज उशिरा आली. कोट काढला, वाढायला घेतलं. मी म्हटलं, भरणं नीट झालं होतं ना? ती म्हणाली, "गाणं चांगलं होतं." मला हायसं वाटलं. मला वाटलं होतं, चिडेल.

रविवार, २० ऑक्टोबर

पहिला मोकळा रविवार. काय करायचं कळेना, म्हणून अंगणातलं दार रंगवलं. इनेज आजही बस स्टॉपवर गेली. ट्रान्झिस्टर घरीच होता, फ्रिजवर. काही वाजणारच नाही तर जाऊन करायचं काय? सवयीची गोष्ट असेल. ती चार शब्द बोलते, तेही मीठ हवं का एवढ्यापुरते. थंडीने होतं असं तिला.

रविवार, १७ नोव्हेंबर

रेडिओचा काटा आमच्या जागेवर आणला तर तिथे कुणीतरी बसलेलं. पोरं आहेत, वीस-बावीसची असतील. यंत्राचा ठोका, त्यावर आरडाओरडा. हवेतली जागा ही अशीच असते. तिच्यावर बसून राहिलं तर ती आपली, उठलं की गेली. मला हे ऑब्रीपेक्षा चांगलं माहीत होतं आणि तरी मी हात वर केला.

ऑब्रीला फोन केला. तो घाईत होता. "भांडायचं नाही गड्या. आपण आता सभ्य लोक आहोत. परवाना मिळाला की आपल्याला नवीन जागा देतील, स्वच्छ."

इनेज संध्याकाळी भिजून आली. मी म्हटलं, एवढ्या पावसात जायलाच हवं का? ती म्हणाली, "तिथे कुणीतरी उभं असलेलं बरं." बाकीच्या बायका येईनाशा झाल्यात. तिला न्यूमोनिया झाला म्हणजे कळेल.

गुरुवार, २६ डिसेंबर

काल ऑब्री आला होता, रम घेऊन. नवा सूट. आम्ही डॉमिनो खेळलो, त्याने सोंगट्या टेबलावर अशा आपटल्या की खालच्या भाडेकरूने काठीने छत ठोकलं. सोरलच्या लाल फुलांचं सरबत, काळा केक, सगळं होतं. इनेजने चौथं ताट मांडलं. कुणासाठी ते ऑब्रीने विचारलं नाही, मीही नाही. त्या ताटात ऑब्रीनेच नंतर हाडं टाकली, चुकून. इनेजने ताट उचललं आणि झोपायला गेली.

"बाई माझ्यावर रागावलीय का रे?" ऑब्री म्हणाला.

"तुझ्यावर कशाला रागावेल?"

"मग कुणावर?"

मी सोंगट्या गोळा केल्या.

रविवार, ९ फेब्रुवारी १९८६

अर्ज गेला. या वहीतून पहिली काही पानं घेऊन मी इतिहास साफ उतरवून दिला, लेनॉक्सचं आणि तुरुंगाचं वगळून. छान झाला. वाचताना मलाच वाटलं, कुठलं हे सरळ स्टेशन.

ऐकणाऱ्यांच्या पाठिंब्याच्या सह्या हव्यात म्हणून मी बाजारात उभा राहिलो. केस विंचरून देणाऱ्या ग्लॅडिसच्या दुकानात पूर्वी दिवसभर आम्हीच वाजायचो. तिथे आता पोरांचं स्टेशन चालू होतं. ग्लॅडिस म्हणाली, "टॅमरिंड? तुम्ही आहात अजून? मला वाटलं, पकडलं तुम्हाला." सही दिली तिने, पण रेडिओचा आवाज काही कमी केला नाही. आम्ही ऐकू येत होतो तेव्हा कुणी सही मागितली नाही, आणि आता सही मागतोय तर ऐकू येत नाही. ज्याने हा नियम केला त्याने कधी स्टेशन चालवलं नसावं.

रविवार, ३० मार्च, ईस्टर

इनेज आज बस स्टॉपवर गेली नाही. मागच्या रविवारीही नव्हती, त्याच्या मागच्याही. मी मुद्दाम काही बोललो नाही. आम्ही बन आणि चीज खाल्लं. ती खिडकीशी बसून लोकर उसवत होती, विणलेलं सगळं. निळा स्वेटर, मोठ्या मापाचा. मी म्हटलं, चांगला होता की. म्हणाली, "घालणारा नाही."

चला, एकदाची शांत झाली असं मला वाटतंय. रविवारी घरी माणूस असलं की बरं वाटतं.

परवान्याचं जाहीर करणं पुन्हा पुढे ढकललंय.

मंगळवार, १ जुलै

गॅरेजच्या कॅन्टीनमध्ये बातम्यांत ऐकलं. योजना रद्द. कुणालाच परवाना नाही. सरकारला वाटतंय, अजून विचार करायला हवा. निवेदकाने ते एका वाक्यात सांगितलं आणि क्रिकेटकडे वळला. माझ्यासमोर कटलेट होतं, ते मी खाल्लं. टाकून काय होणार होतं?

संध्याकाळी ऑब्रीला गाठला. तो घरासमोर गाडी पुसत होता. म्हणाला, "वाईट झालं गड्या." मग बराच वेळ बॉनेटच पुसलं. मग म्हणाला की एका परवानावाल्या स्टेशनने त्याला रविवारी पहाटेचा कार्यक्रम दिलाय. मे महिन्यातच सही केली होती, सांगायला धीर होत नव्हता. "टॅमरिंडचं नाव काढतो मी तिथे अधूनमधून," म्हणाला.

मला त्याला मारावंसं वाटलं. मारलं नाही. तो निदान वाजतोय.

इनेजला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." बटाटे सोलत होती, सोलत राहिली. मी अख्खी संध्याकाळ बोलत होतो, सरकारला शिव्या देत होतो, ऑब्रीला देत होतो, आणि घरात कुणीच नसल्यासारखं वाटत होतं. लिहून ठेवतो, मला रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन रडलो.

शनिवार, १२ जुलै

पेटी पुन्हा जोडली. कुणाला विचारलं नाही. पोरांच्या जागेच्या शेजारी एक फट आहे, तिथे बसेल. एवढ्या हलक्या पेटीची लहर टेकडीपलीकडे जाणार नाही, पण टेकडीपर्यंत पुरे.

इनेजला म्हटलं, नावं भर. तिने मायक्रोफोनकडे बघितलंसुद्धा नाही. "तू घे नावं."

"मला बोलता येत नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

मग मीच बसलो. इतकी वर्षं त्या यंत्रामागे बसलोय, पुढे आज पहिल्यांदा. बाकीची नावं मला आठवेनात, ती इनेजच्या डोक्यात असायची. शेवटी एकच घेतलं. "लांब कामाला गेलेल्या लेनॉक्सला, घरून." पुढे काय म्हणायचं ते सुचलं नाही, म्हणून गाणं लावलं.

रविवार, १३ जुलै

कॅसेट मिस एर्मिनच्या हवाली केली, बटण दाखवलं, आणि मी बस स्टॉपवर गेलो. तुरुंगाची भिंत वाटलं होतं त्यापेक्षा लांब आहे. खिडक्या इतक्या बारीक की डोळे किलकिले करावे लागतात. वेळ झाली आणि ट्रान्झिस्टरमधून माझा आवाज आला, पोरांच्या ठोक्याखाली दबलेला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मी तो ओळखला नाही.

टॉवेल आला नाही. मी दोन गाणी थांबलो, मग तिसरं.

पिशवी घेऊन एक बाई बसची वाट बघत होती, तिने विचारलं, "कुणाला शोधताय?"

"मुलगा आहे माझा."

"कुठली खिडकी?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, त्या बाजूची. ती म्हणाली, तिकडे तर स्वयंपाकघर आहे. मग तिची बस आली.

रविवार, २० जुलै

आज पेटी लावली नाही. कारण दुपारी वेंडेल नावाचा एक मुलगा घरी आला, केस नुकते कापलेले, हातात बिस्किटांचा पुडा. जूनमध्ये सुटला. लेनॉक्सच्या शेजारच्या खोलीत होता. इनेजला म्हणाला, "मिसेस गेल, तुमचा आवाज ऐकायचो आम्ही. भेटायचं होतं एकदा." माझ्याशी हात मिळवला, पण माझ्याकडे बघत नव्हता.

लेनॉक्स तिथे नाही. जानेवारीतच उत्तरेच्या तुरुंगात गेला, पार वर, जिथे आपलं कुणी नाही. त्याला पाठवलं नाही, त्यानेच मागून घेतलं.

"का?" मी विचारलं.

वेंडेलने बिस्किटांचा पुडा इनेजकडे सरकवला. इनेज म्हणाली, "सांग रे. त्यांनी विचारलंय तर सांग."

"शेवटच्या रविवारी नाव आलं नाही ना. आम्ही म्हटलं, अरे, स्टेशन बंद झालं असेल, परवान्याचं काहीतरी ऐकू येतंय. तो म्हणाला, पेटी माझ्या बापाची आहे, तो म्हणेल तेव्हाच बंद होते. म्हणाला, आईला दोन शब्द तरी बोलू दिले असते. तिला न बोलू देणारा घरात एकच माणूस आहे." मग घाईघाईने म्हणाला, "पण टॉवेल सोडायचा तो. काही वाजत नसतानाही. दर रविवारी. आम्ही हसायचो त्याला. नाताळपर्यंत सोडत होता."

मी इनेजकडे बघितलं. ती चहा ओतत होती.

वेंडेल गेल्यावर मी म्हटलं, "तुला दिसत होता? टॉवेल?"

"दिसायचा."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तू परवान्याच्या कामात होतास," ती म्हणाली. "मी खालून हात हलवायची. त्याला दिसत नव्हतं. एवढ्या लांबून काय दिसणार. मग एका रविवारी टॉवेल नव्हता. मग कधीच नव्हता."

हे लिहितोय आणि ती शेजारच्या खोलीत आहे. मला जाऊन काहीतरी म्हणायला हवं. दार बंद नाही, लोटलेलं आहे. मी दोनदा उठलो आणि पाणी पिऊन परत येऊन बसलो.

शनिवार, ६ सप्टेंबर

इनेजने वेंडेलकडून पत्ता घेऊन लेनॉक्सला लिहिलं होतं. या वेळी उत्तर आलं. भेटीचा कागद आला. मी विचारायच्या आतच ती म्हणाली, "त्याने फक्त माझं नाव टाकलंय."

सकाळी मी तिला लांबच्या बसगाड्यांच्या स्टँडवर सोडायला गेलो. दिवसभराचा प्रवास आहे, रात्री कुणा चर्चवाल्या बाईकडे मुक्काम, उद्या भेट. तिने पाव आणि तळलेला मासा बांधून घेतला होता. आत नेऊ देणार नाहीत, मी म्हटलं. ती म्हणाली, माहीत आहे, माझ्यासाठी आहे. मी पिशवी वर ठेवली, सीटचा खटका बघितला, खिडकी नीट लागते का बघितलं. आणखी काही दुरुस्त करण्यासारखं नव्हतं.

"त्याला एक सांगशील?" मी म्हटलं.

ती थांबली. कितीतरी महिन्यांनी तिने माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, ती खरंच वाट बघत होती.

"सांग की सरकारने फसवलं. परवाना देतो म्हणून सगळ्यांना गप्प केलं आणि दिला नाही. पेपरात आलंय. मी कात्रण देतो हवं तर."

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. इनेज खिडकीकडे सरकली.

"सेल्विन," ती म्हणाली, "तो सरकारवर रागावलेला नाही."

मी खाली उतरलो. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत उभा होतो. मग घरी येणारी बस धरली, तिकीट काढलं आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसलो.